वाळूच्या कॉलमचा निचरा: मॉडेल लॅबपेक्षा जास्त पाणी का काढतं आणि पहिल्याच टाइमस्टेपला का अडकतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एक मीटर उंच वाळूचा कॉलम, पूर्ण भिजवलेला, वर बाष्पीभवन होऊ नये म्हणून सैल झाकण, खाली जाळी. खालचं बूच काढलं आणि पाणी निथळू दिलं. हेच तुम्ही पायथनमध्ये स्वतः लिहिलेल्या फायनाइट डिफरन्स कोडने (कॉलम ठरावीक अंतरावरच्या बिंदूंत, म्हणजे नोडमध्ये, वाटून) करताय, रिचर्ड्स समीकरण (अर्धवट ओल्या मातीतून पाणी कसं वाहतं ते सांगणारं) फक्त प्रेशर हेडच्या (पाण्याचा दाब, सेमी उंचीत मोजलेला) रूपात आणि खाली फ्री ड्रेनेज. पॅरामीटर कार्सेल-पॅरिशच्या तक्त्यातल्या (मातीच्या वर्गांचे सरासरी आकडे देणाऱ्या) वाळूचे. तक्रारी तीन: पहिला टाइमस्टेप कन्व्हर्जच होत नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावत नाही, कसाबसा पुढे ढकलला तर मास बॅलन्स (पाण्याचा ताळेबंद) बारा-पंधरा टक्के चुकतो, आणि पाच दिवसांनी मॉडेल ३५ सेमीच्या पुढे पाणी (कॉलमच्या क्षेत्रफळावर धरलेली खोली) काढतं तर लॅबमध्ये ३१ च्या आसपासच निघालं. आणि तुम्ही विचारताय की सॉल्व्हर बदलू का, न्यूटनची पद्धत लावू का.

सॉल्व्हरला सध्या हातसुद्धा लावू नका. आधी कागद-पेन घ्या आणि या कॉलममध्ये शेवटी किती पाणी उरायला पाहिजे ते हाताने काढा, कारण त्याला टाइमस्टेप लागत नाही की मेश लागत नाही, आणि तो आकडा एकदा हातात आला की तुमच्या तीनपैकी निदान एका तक्रारीचं उत्तर तिथेच मिळतं.

तक्त्यातली वाळू म्हणजे संपृक्त ओलावा ०.४३, उरणारा ओलावा ०.०४५, अल्फा ०.१४५ प्रति सेमी, एन २.६८ (हे दोन ओलाव्याच्या वक्राचा आकार ठरवतात) आणि संपृक्त कंडक्टिव्हिटी, म्हणजे पूर्ण भिजलेली असताना पाणी वाहू देण्याची क्षमता, ७१२.८ सेमी प्रति दिन. सुरुवातीला १०० सेमीच्या कॉलममध्ये ४३ सेमी पाणी आहे. जाळीपाशी पाणी हवेत थेंबथेंब पडतंय म्हणजे तिथे प्रेशर हेड शून्य. निचरा पूर्ण थांबला की वाहणं शून्य, म्हणजे एकूण हेड सगळीकडे सारखं, म्हणजे जाळीपासून जितके सेमी वर तितके सेमी सक्शन, म्हणजे उणे प्रेशर हेड. बस. आता हे सक्शन व्हॅन गेनुख्टेनच्या सूत्रात (सक्शनवरून ओलावा देणाऱ्या) टाका. जाळीवर ओलावा ०.४३, पाच सेमीवर ०.३५४, दहावर ०.२१४, वीसवर ०.१०७, पन्नासवर ०.०५९ आणि अगदी वर ०.०४९. याची बेरीज घेतली की साधारण ९.८ सेमी पाणी उरतं, म्हणजे जास्तीत जास्त ३३.२ सेमी बाहेर येऊ शकतं. तुमचं मॉडेल ३५ दाखवतंय, म्हणजे जे पाणी वाळू सोडायलाच तयार नाही तेही ते काढून घेतंय. हा प्रकार भिजलेल्या स्पंजसारखा आहे, आडवा धरून गळायचा थांबला की उभा धरा, परत गळायला लागतो आणि तरी खालची कड ओलीच राहते. उंची आणि केशाकर्षण यांचा तो हिशोब आहे आणि तुमच्या खालच्या बाउंड्रीला त्याचा पत्ताच नाही.

कारण फ्री ड्रेनेज म्हणजे काय, तर खालच्या टोकाला एकूण हेडचा ग्रेडियंट (उतार) एक धरायचा, म्हणजे पाणी तिथल्या कंडक्टिव्हिटीइतक्या वेगाने फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली जातंय असं मानायचं. शेतात पाण्याची पातळी खूप खोल आहे आणि तुम्ही वरच्या दीड-दोन मीटरचंच मॉडेल करताय तेव्हा हे अगदी बरोबर, कारण खाली तीच माती पुढे चालू आहे. कॉलमच्या खाली माती नाही, हवा आहे. फ्री ड्रेनेज लावला की समतोल कधी येतच नाही, आउटफ्लो हळूहळू ३८.५ सेमीकडे सरकत राहतो म्हणजे सगळा ओलावा ०.०४५ वर येईपर्यंत. तुम्हाला पाहिजे ती सीपेज फेस बाउंड्री: जोपर्यंत पाणी बाहेर पडतंय तोपर्यंत जाळीवर हेड शून्य, आणि बाहेरून आत ओढलं जायची वेळ आली तर फ्लक्स, म्हणजे वाहण्याचा वेग, शून्य. हायड्रस या सॉफ्टवेअरमध्ये हा तयार पर्याय असतो, स्वतःच्या कोडमध्ये चार ओळींचं काम आहे, दर इटरेशनला (उत्तर सुधारायच्या प्रत्येक फेरीला) फ्लक्सचं चिन्ह बघायचं आणि कंडिशन बदलायची. तुमच्या केसमध्ये पाणी सतत बाहेरच जातंय म्हणून सरळ हेड शून्य ठेवलं तरी चालेल. आणि जाळीऐवजी सच्छिद्र सिरॅमिक प्लेट असेल आणि खालून सक्शन लावलं असेल तर मग ठरलेलं हेड द्या, पण ते प्लेटच्या खाली, आणि प्लेट स्वतः एक वेगळा थर म्हणून घ्या, तिचा अडथळा कित्येकदा वाळूपेक्षा जास्त असतो आणि मग आउटफ्लोचा वेग माती नाही, प्लेट ठरवते.

एक सांगून ठेवतो, बाउंड्री दुरुस्त केली तरी पाच दिवसांत बरोबर ३३.२ येणार नाही आणि यायलाही नको. वरच्या टोकाला समतोलाच्या ओलाव्याला कंडक्टिव्हिटी काढून बघा, ७१२.८ वरून ती साधारण ०.००००२ सेमी प्रति दिनवर येते, दहाच्या सात घातांपेक्षा जास्त घसरण. तीस सेमी उंचीवरसुद्धा ती ०.०३ सेमी प्रति दिन इतकीच उरते. म्हणजे पहिल्या दिवसात मोठा भाग निघून जातो आणि उरलेलं पाणी आठवडेच्या आठवडे रांगत राहतं, लॅबमध्ये आपण "थांबला निचरा" म्हणतो तेव्हा वरच्या भागात पाणी अजून वाटेत असतं. तुमचं लॅबचं ३१ या हिशोबात व्यवस्थित बसतं. मॉडेलची परीक्षा अशी ठेवा की एकूण आउटफ्लो ३३.२ कडे खालून सरकला पाहिजे आणि कधीही ओलांडता कामा नये, एकदाही नाही.

आता पहिला टाइमस्टेप. तुम्ही लिहिलंय की टाइमस्टेप एक सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत कमी करून बघितला तरी तोच गोंधळ, आणि हे ऐकून मला आश्चर्य अजिबात वाटलं नाही. पूर्ण संपृक्त कॉलममध्ये वॉटर कपॅसिटी, म्हणजे हेड थोडं बदललं तर ओलावा किती बदलतो तो उतार, सगळीकडे शून्य असतो. समीकरणात टाइमस्टेप येतो तो याच कपॅसिटीला भागायला. शून्याला कितीही बारीक टाइमस्टेपने भागा, शून्यच. मग पहिल्या इटरेशनला वेळेचा संबंधच संपतो, मॅट्रिक्सला दिसतं काय तर वर फ्लक्स नाही, खाली हेड ठरलेलं, आणि तो इमानेइतबारे त्याचं स्थिर उत्तर देतो: प्रत्येक नोडला उंचीइतकं सक्शन, वरच्या नोडला एकदम उणे १०० सेमी. म्हणजे पाच दिवसांनीही जी अवस्था येत नाही ती पहिल्याच इटरेशनला. दुसऱ्या इटरेशनला वर कंडक्टिव्हिटी सात घात खाली गेलेली, ओलावा मात्र अजून सगळा शिल्लक, आणि इथून पुढे हेड वर-खाली उड्या मारत बसतं. (खाली फ्री ड्रेनेज असताना तर अजूनच वाईट, सगळी कपॅसिटी शून्य आणि खालून पाणी बाहेर, मॅट्रिक्सला उत्तरच नसतं, मग तुमच्या कोडने जो काही आकडा दिला तो राउंड-ऑफचा.)

यावर उपाय साधा आहे, सुरुवात शून्य हेडने करू नका, सगळीकडे उणे १ सेमीने करा. या वाळूत त्याने ओलावा ०.४३ चा ०.४२८६ होतो, अख्ख्या कॉलममधून दीड मिलिमीटरपेक्षा कमी पाणी कमी होतं, आणि कपॅसिटी शून्य राहत नाही त्यामुळे टाइमस्टेपला परत दात येतात. ज्यांना हे पटत नाही ते थोडी स्पेसिफिक स्टोरेज (संपृक्त असतानाही दाबाबरोबर साठा किंचित बदलायची सोय) घालतात, तेही चालतं. टाइमस्टेप एक सेकंदाच्या आसपास सुरू करा, कारण सुरुवातीचा फ्लक्स म्हणजे जवळजवळ पूर्ण संपृक्त कंडक्टिव्हिटी, म्हणजे मिनिटाला अर्धा सेमी पाणी, आणि खालच्या-वरच्या नोडना ते पचवायला वेळ द्या. पुढे इटरेशन किती लागतात ते बघून टाइमस्टेप आपोआप वाढवा-कमी करा, हायड्रसचा जुना ठोकताळा छान चालतो, तीनपर्यंत इटरेशन लागल्या तर टाइमस्टेप १.३ पट, सात किंवा जास्त लागल्या तर ०.७ पट, आणि दहामध्ये नाही झालं तर मागे येऊन परत.

इथेच सुरुवातीच्या हेडबद्दल एक. कॉलम बूच लावून भरलेला होता की वरून पाणी सोडत खालून वाहू देत स्थिर केलेला होता? पहिल्या प्रकारात खाली हेड १०० सेमी आणि वर शून्य असतं, दुसऱ्यात सगळीकडे शून्य. लियाकोपुलोसचा १९६० च्या दशकातला प्रसिद्ध प्रयोग, एक मीटर डेल मॉन्टे वाळू, हा दुसऱ्या प्रकारचा आहे, वरचं पाणी बंद केलं तो शून्य क्षण. तरी बरेच लोक तो मॉडेल करताना सुरुवातीला स्थिर पाण्याचं हेड टाकतात आणि मग पहिल्या काही मिनिटांचा आउटफ्लो जुळत नाही म्हणून पॅरामीटर हलवत बसतात.

त्या प्रयोगाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते तुमच्या कामाचं आहे. जो तो कोड लिहिला की लियाकोपुलोसवर तपासतो आणि जुळला की निर्धास्त होतो. पण त्या वाळूसाठी जो वक्र सगळे वापरतात त्यात एक मीटर सक्शनलासुद्धा सॅच्युरेशन ०.९ च्या आसपासच राहतं आणि सापेक्ष कंडक्टिव्हिटी जेमतेम ०.७९ पर्यंत उतरते. म्हणजे रिचर्ड्स समीकरणातला जो खरा त्रास आहे, सात घातांची घसरण, तो या टेस्टमध्ये येतच नाही. माती दबते का, हवेचा दाब किती महत्त्वाचा, असल्या गोष्टींसाठी ती टेस्ट उत्तम. तुमच्या कोडसाठी ती पास होणं गरजेचं आहे पण त्याने फार काही सिद्ध होत नाही. तुमची ३३.२ वाली तपासणी जास्त कडक आहे.

मास बॅलन्सकडे येऊ. हेडच्या रूपातल्या समीकरणात ओलाव्यातला बदल तुम्ही कपॅसिटी गुणिले हेडचा बदल असा मोजता. कागदावर दोन्ही एकच, टाइमस्टेपच्या आत मात्र कपॅसिटी स्वतः बदलते. एक नोड घ्या, एका स्टेपमध्ये तिचं हेड उणे ५ वरून उणे १० वर गेलं. खरा ओलावा ०.३५४ वरून ०.२१४, म्हणजे ०.१३९ ने कमी झाला. उणे ५ ची कपॅसिटी ०.०३०८ प्रति सेमी, तिने गुणलं तर ०.१५४ येतं. उणे १० ची ०.०२०८, तिने ०.१०४ येतं. एकात दहा टक्के जास्त, दुसऱ्यात पंचवीस टक्के कमी, आणि हे पाणी कुठेही गेलेलं नाही, फक्त हिशोबात हरवलंय. शून्यावरून उणे ५ ची स्टेप तर अजून मजेशीर, जुन्या कपॅसिटीने बदल शून्य, नव्याने दुप्पट. इटरेशन कितीही घट्ट कन्व्हर्ज करा ही चूक जाणार नाही कारण तुम्ही चुकीच्या समीकरणाचं अचूक उत्तर काढताय.

यावरचा तोडगा १९९० मध्ये सेलिया, बुलुटास आणि झारबा यांनी दिला आणि अजूनही जवळजवळ सगळे तोच वापरतात. समीकरण मिश्र रूपात ठेवायचं, म्हणजे वेळेच्या बाजूला ओलावा आणि जागेच्या बाजूला हेड. नव्या ओलाव्याचा अंदाज घ्यायचा तो असा, मागच्या इटरेशनचा ओलावा अधिक कपॅसिटी गुणिले दोन इटरेशनमधला हेडचा फरक. दोन टाइमस्टेपमधला नाही, दोन इटरेशनमधला, इथे लक्ष द्या, कोडमध्ये इथेच इंडेक्स गडबडतो. कन्व्हर्ज झालं की तो फरक शून्याकडे जातो, कपॅसिटीची चूक त्याच्याबरोबर जाते आणि ओलावा वक्रावरूनच थेट आलेला उरतो. तुमच्या कोडमध्ये मॅट्रिक्स तीच राहते, फक्त उजव्या बाजूला एक पद वाढतं, मागच्या इटरेशनचा ओलावा वजा जुन्या टाइमस्टेपचा ओलावा भागिले टाइमस्टेप. यालाच मॉडिफाइड पिकार्ड म्हणतात. हे केल्यावर मास बॅलन्सची चूक टक्क्याच्या छोट्या भागावर आली नाही तर चूक फ्लक्सच्या बेरजेत शोधा, बहुतेक वेळा खालचा फ्लक्स मॅट्रिक्समध्ये एका सरासरीने आणि रिपोर्टमध्ये दुसऱ्याच कंडक्टिव्हिटीने काढलेला असतो. पुढे कधी फायनाइट एलिमेंटवर गेलात तर मास मॅट्रिक्स लम्प करायला (सगळी पदं कर्णावर गोळा करायला) विसरू नका, नाहीतर फ्रंटपाशी, म्हणजे ओल्या-कोरड्याच्या सीमेपाशी, ओलावा हेलकावे खातो.

न्यूटनबद्दल विचारलंत म्हणून. या वाळूला गरज नाही, पण चिकणमातीकडे वळलात तर वेगळाच प्राणी भेटेल. तक्त्यातली चिकणमाती घ्या, एन १.०९, अल्फा ०.००८. फक्त एक सेमी सक्शन लावलं तर सॅच्युरेशन ०.०४ टक्के कमी होतं, म्हणजे नसल्यासारखंच, पण मुआलेमच्या सूत्राने (ओलाव्यावरून कंडक्टिव्हिटी काढणाऱ्या) कंडक्टिव्हिटी संपृक्तच्या आठव्या हिश्श्यावर येते! दोमट मातीत तेवढ्याच सक्शनला ७१ टक्के आणि तुमच्या वाळूत ९२ टक्के उरते. एन दोनपेक्षा कमी असला की संपृक्त टोकाला कंडक्टिव्हिटीचा उतार अनंत होतो, आणि न्यूटन तर उतारावरच चालतो, तिथे तो पिकार्डपेक्षा लवकर कोसळतो. मातीत असं प्रत्यक्षात काही घडत नाही, सूत्राचा तो स्वभाव आहे. उणे २ सेमीचं छोटं एअर-एंट्री हेड (तेवढ्या सक्शनपर्यंत माती संपृक्तच धरायची) घालून वक्र टोकाला थोडा सपाट करतात, चिकणमातीला मी ते नेहमी लावतो, वाळूला लावत बसत नाही.

मेश एक सेमी ठीक आहे. अल्फाचा व्यस्त म्हणजे सुमारे सात सेमी, ही या वाळूची केशाकर्षणाची लांबी, नोडमधलं अंतर त्याच्या बऱ्यापैकी खाली पाहिजे, पाच सेमीची मेश घेतली तर जाळीजवळचा सगळा उतार दोन-तीन नोडमध्ये कोंबला जातो. दोन नोडमधली कंडक्टिव्हिटी साध्या सरासरीने घ्या, हार्मोनिक नको, पुढे कोरड्या वाळूत पाणी मुरवायचं मॉडेल केलंत तर हार्मोनिक सरासरी कोरड्या नोडच्या बाजूने ओढली जाते आणि फ्रंट अडकून बसतो.

पॅरामीटरचं म्हणाल तर तक्त्यातले आकडे त्या वर्गातल्या मातीची सरासरी आहेत, तुम्ही ठोकून भरलेल्या वाळूचे नाहीत, आणि कोड दुरुस्त झाल्यावर लॅबशी उरलेला फरक बहुतेक तिथलाच असेल. निचऱ्यासाठी सुकतानाचा वक्र पाहिजे. भिजतानाचा अल्फा साधारण दुप्पट धरायची पद्धत आहे, त्यामुळे कोणाच्या पेपरमधून आकडे उचलताना ते कोणत्या बाजूचे आहेत बघा. फिटिंग करणार असाल तर फक्त एकूण आउटफ्लोवर करू नका, अल्फा आणि कंडक्टिव्हिटी एकमेकांची चूक झाकतात आणि तीन वेगळ्या जोड्या तितक्याच छान बसतात. टेन्सिओमीटर (मातीतलं सक्शन मोजणारं उपकरण) लावा, पण रीडिंग पहिल्या मिनिटापासून घ्या, कारण समतोल आल्यावर टेन्सिओमीटर फक्त स्वतःची उंची सांगतो, वाळू कोणतीही असो. माहिती सगळी त्या आधीच्या वाटेत असते. दोनच असतील तर एक दहा-पंधरा सेमीवर आणि एक मधोमध पन्नासच्या आसपास ठेवा, आणि पहिले दोन तास तरी मिनिटाला एक रीडिंग लॉग होऊ द्या.